चाळीस पानांची कथा आणि स्किप बटण: ॲक्शन आरपीजीचं कॅम्पेन कसं बांधतात

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तिघा मित्रांचा चमू वरून दिसणारा, झुंडी कापत पुढे जायचा ॲक्शन आरपीजी (आपलं पात्र वाढवत न्यायचा मारधाडीचा गेम) बनवतोय, आणि प्रश्नासोबत त्यांनी खेळाचा व्हिडिओ आणि नोंदीही दिल्यात. चाळीस पानांची कथा लिहून तयार आहे. पण खेळून बघायला बसवलेले लोक डायलॉग वाचतच नाहीत, धडाधड स्किप करतात. तर मग कॅम्पेनचे, म्हणजे गेमच्या मुख्य कथाप्रवासाचे, अंक किती ठेवायचे, साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरच्या कामगिऱ्या) किती, निवडीचे प्रसंग घालायचे का, आणि शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, मेल्यावर पुढे काय?

क्वेस्ट आणि कॅम्पेन बांधणीचं काम करत मला बरीच वर्षं झाली, आणि माझ्या पहिल्या गेममध्ये नेमकं हेच झालं होतं. गावाचा प्रमुख सहा पडदे भरून बोलायचा. त्याचं बालपण, त्याचा मेलेला भाऊ, राज्याची फाळणी, सगळं मी फार जीव लावून लिहिलं होतं. टेस्टिंगनंतर एका पोराला विचारलं, प्रमुख कसा वाटला? तो म्हणाला, "कोण, तो डोक्यावर उद्गारचिन्हवाला म्हातारा?" त्या रात्री मला झोप लागली नाही, पण पोराचं काही चुकलं नव्हतं. तो नुकताच एका गुहेतून धावत आला होता, पिशवीत न ओळखलेल्या आठ वस्तू होत्या, एक स्किल पॉइंट खर्चायचा बाकी होता. अशा माणसाला मी फाळणीचा इतिहास ऐकवत होतो.

म्हणून आधी हे ठरवा की कॅम्पेन कोणाच्या सोयीने चालतं. कादंबरी पात्राच्या सोयीने चालते. ॲक्शन आरपीजीचं कॅम्पेन खेळाडूच्या हातातली ताकद कशी वाढत जाते त्याच्या सोयीने चालतं. दर थोड्या वेळाने नवी स्किल, नवं हत्यार, ते वापरून बघायला नवा शत्रू. हा रस्ता आधी आखला जातो, आणि कथेला त्या रस्त्यावरून चालावं लागतं. तुमची चाळीस पानं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ती रस्ता न बघता लिहिली आहेत, एवढंच.

रस्ता म्हणजे काय हे बघायचं तर १९९६चा पहिला 'डायब्लो' अजूनही काढून बघा. एकच गाव, ट्रिस्ट्रम. गावाच्या कडेला एक चर्च आणि त्याखाली १६ मजले: चार चर्चचे, चार तळघरातल्या थडग्यांचे, चार गुहांचे, चार नरकाचे. कथानक म्हणाल तर एका ओळीत संपतं, खाली काहीतरी भयंकर आहे. पण 'खाली' हा शब्दच सगळं काम करतो. भिंतींचा रंग बदलला की आपण किती खोल आलो ते कळतं, वर जाऊन गावकऱ्यांशी बोललं की खाली काय वाट बघतंय याची भीती वाढते. दिशा आणि कथा एकच झालेली आहे. खेळाडूला वेगळी कथा समजून घ्यावी लागत नाही, तो उतरतो तेव्हाच ती चाललेली असते.

२०००च्या 'डायब्लो २'मध्ये हेच आडवं केलं, आणि माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात हुशार बांधणी तिथे आहे. पहिल्या भागाचा नायक डायब्लो या सैतानाला मारून त्याचा मणी स्वतःच्याच कपाळात खुपसतो. दुसऱ्या भागात तोच काळ्या झग्यातला भटक्या होऊन पूर्वेकडे निघालेला असतो आणि आपण त्याच्या मागावर. म्हणजे सगळं कॅम्पेन एक पाठलाग आहे. आपण पोचतो तेव्हा तो नुकताच निघून गेलेला असतो आणि मागे घाण ठेवून गेलेला असतो. पाठलागाला 'पुढे का जायचं' हे पुन्हा पुन्हा समजवावं लागत नाही, आणि झुंडी कापणाऱ्या खेळात खेळाडूला पुढे जाण्याखेरीज फारसं काही करताही येत नाही. दोन्ही चपखल बसतात.

त्यातली दुसरी युक्ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. अंकांच्या मधल्या फिल्म्समध्ये आपला नायक दिसतच नाही. तिथे गोष्ट सांगतो मारियस नावाचा, त्या भटक्याबरोबर फरफटत गेलेला एक घाबरट माणूस. कारण उघड आहे: आपण रानटी योद्धा निवडलाय की चेटकीण, हे फिल्म बनवणाऱ्याला कसं कळणार? म्हणून भावनांचा सगळा भार दुसऱ्याच माणसावर टाकला आणि खेळाडूचे फक्त हात मोकळे ठेवले. तुमच्या गेममध्ये निवडायला पाच वर्ग, म्हणजे पाच प्रकारचे नायक आहेत आणि कथा मात्र नायकाच्या अपराधीपणाबद्दल आहे. तो अपराधीपणा एखाद्या मारियसला देऊन टाका. निम्मी अडचण तिथेच सुटेल.

आता अंक. एका अंकात काय काय असतं हे 'डायब्लो २'च्या पहिल्याच अंकात बघता येतं: एक सुरक्षित ठाणं, त्याभोवती उघडा मुलूख, त्या मुलुखात आडबाजूला भुयारं, मधे एक-दोन मोठ्या जागा, शेवटी बॉस. पहिल्या तीन अंकांत प्रत्येकी सहा क्वेस्ट, चौथ्यात तीनच. चौथा घाईत उरकलाय असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मला तो आखूडच बरा वाटतो. नरकात शिरल्यावर कोणाला इकडेतिकडे फिरायचं असतं? अंक जसजसे पुढे जातात तसे ते लांबत नेण्याची खोड नवख्या डिझायनरला असते. शेवट जवळ आला की चाल वाढली पाहिजे.

त्या पहिल्या अंकात वॉरिव्ह नावाचा एक काफिलेवाला आहे. गेम सुरू झाल्यावर आपल्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस तोच. पूर्वेकडचा रस्ता बंद झालाय म्हणून तो अडकून पडलाय. बॉस मेला की त्याच्याकडेच जायचं आणि तोच आपल्याला दुसऱ्या अंकात घेऊन जातो. अंकाचं ध्येय इतक्या स्वस्तात सांगितलेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय. ना मॅपवर बाण, ना भाषण. तळावर एक माणूस उभा आहे ज्याला जायचंय आणि जाता येत नाही. खेळाडू दर वेळी तळावर येतो तेव्हा त्याच्याजवळून जातो.

आणि तळावर तो दर वेळी येतोच, कारण पिशवी भरते. हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. ॲक्शन आरपीजीत हात थांबतो तो इथे: माल विकताना, हत्यारं तासताना, पेटीत सामान लावताना. कान मोकळे असतात ते एवढाच वेळ. माझा नियम असा की रस्त्यावर कथा दिसावी आणि तळावर ऐकू यावी. रस्त्यावर जळलेलं गाव दाखवा, बोलू नका. तळावर दोन वाक्यं बोला, पण दर वेळी नवी. सहा पडद्यांचा माझा तो प्रमुख पुढच्या गेममध्ये मी बारा तुकड्यांत वाटला, एका फेरीला एक तुकडा, कोणताही दोन वाक्यांपेक्षा मोठा नाही. त्याच्या भावाबद्दल लोक आपणहून विचारायला लागले.

'हेडीस' या २०२० साली पूर्ण रूपात आलेल्या गेमने ही गोष्ट टोकाला नेली. तिथे पाताळाच्या राजाचा मुलगा घरातून निसटायला बघतो, आणि मरणं हाच घरी यायचा रस्ता आहे. मेलात की वडिलांच्या दरबारात उगवता, आणि तिथले सगळे तुमच्या ताज्या मरणावर काही ना काही बोलतात. मुख्य कथा पूर्ण व्हायला सुटकेचे दहा यशस्वी प्रयत्न लागतात, म्हणजे तोच रस्ता पुन्हा पुन्हा तुडवणं हेच कथानक केलंय. तुमचा गेम त्या जातीचा नाही, पण परत येणाऱ्या माणसाला नवं वाक्य मिळालं पाहिजे हा धडा जसाच्या तसा उचला.

बांधणीसाठी मी एक साधा तक्ता वापरतो. एक ओळ म्हणजे खेळण्याची दहा मिनिटं. चार रकाने: नवा शत्रू, नवी ताकद, नवी जागा, नवी बातमी. एखादी ओळ पूर्ण रिकामी असेल तर तिथे खेळाडू कंटाळणार, हे सगळ्यांना कळतं. चारही रकाने भरलेली ओळ त्याहून धोक्याची असते, ते कळायला मला एक अख्खा प्रकल्प लागला. आम्ही ज्या क्षणी वर्गाची मोठी स्किल उघडायची, त्याच क्षणी सोबतीच्या दगाबाजीचा प्रसंग ठेवला होता. कागदावर दणदणीत दिसत होता. प्रत्यक्षात सगळे स्किलचं वर्णन वाचत बसले, आणि पुढच्या अंकात तो सोबती शत्रू म्हणून समोर आल्यावर टेस्टर म्हणाले, हा का मारतोय आम्हाला? बातमीच्या ओळीत ताकद देऊ नका. आधी मोठी ताकद द्या, वीस मिनिटं तिचा माज करू द्या, मग दगा द्या.

बॉसबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. बॉस ही त्या अंकाची परीक्षा असते, तेव्हा अंकात शिकवलं तेच विचारा. कथेच्या बाजूने एकच पाहा: बॉस दिसण्याआधी त्याचा परिणाम दिसू द्या. 'डायब्लो'त चर्चच्या दाराशी एक जखमी माणूस पडलेला असतो, तो बुचर या बॉसबद्दल सांगतो आणि मरतो. बास. उलट २०१२च्या 'डायब्लो ३'त तिसऱ्या अंकभर आझमोदान अधूनमधून प्रकट होऊन स्वतःचे डाव स्वतःच सांगत सुटतो. नरकातला हा मोठा सेनापती, आणि खेळाडू त्याच्यावर हसत होते. खलनायकाला जितकं कमी बोलायला द्याल तितका तो मोठा होतो.

कॅम्पेन सगळ्यात जास्त कुठे ढासळतं? मध्यावर. पहिल्या अंकावर चमूचं सगळ्यात जास्त लक्ष असतं, शेवटच्यावर उरलेलं सगळं प्रेम, आणि मधे तेच शत्रू रंग बदलून. जुन्या पिढीने यावर काढलेला उपाय म्हणजे तीच कथा वाढत्या कठीणतेवर तीनदा खेळायला लावणं. 'पाथ ऑफ एक्झाइल' २०१३ मध्ये आला तेव्हा तीन अंक होते आणि तेच तीन कठीणतांवर फिरायचे. २०१७ साली त्यांनी ही फिरकी काढून टाकली आणि सलग दहा अंक केले. पण खरी गंमत पुढे आहे: सहाव्या अंकापासून आपण पहिल्या पाच अंकांच्याच मुलुखात परततो, फक्त तो आता बदललेला असतो. जिथे गेम सुरू झाला त्याच लायनआय्ज वॉच या ठाण्यावर पुन्हा पाऊल ठेवतो तेव्हा आपल्याच केल्याची फळं समोर असतात. बनवणाऱ्यांचा खर्च वाचला आणि खेळाडूला घरी परतल्यासारखं वाटलं. तिघांच्या चमूला याहून मोलाचा सल्ला माझ्याकडे नाही. जागा कमी बनवा आणि एकेका जागेचे दोन काळ दाखवा.

त्याच गेममध्ये पाचव्या अंकाच्या शेवटी किटावा या देवाशी झुंज होते, आणि ती संपली की तुमचे सगळे रेझिस्टन्स (आग, थंडी अशा माऱ्यांपासूनचा बचाव) कायमचे ३० टक्क्यांनी घसरतात. दहाव्या अंकाच्या शेवटी आणखी ३०. आधी हाच दंड कठीणता बदलली की गुपचूप लागायचा, आता त्याला देवाचा शाप म्हणून चेहरा मिळाला. आकड्याला प्रसंगाचं रूप देणं म्हणजे काय, ते इथे बघा. २०२४च्या डिसेंबरात 'पाथ ऑफ एक्झाइल २' अपूर्ण रूपात खुला झाला तेव्हा पुढचे अंक तयार नव्हते, म्हणून पहिले तीनच पुन्हा एकदा खेळायला लागायचे. पुढच्या वर्षी चौथा अंक आणि मधली छोटी प्रकरणं आली आणि ती पुनरावृत्ती गेली. कथा दोनदा खेळायला लावणं कोणालाच आवडत नाही, पण अर्धवट गेम विकताना ते प्रामाणिक ठिगळ आहे.

पुनरावृत्तीवरून दुसऱ्या वाचकाकडे येतो. तुम्ही कथा एकाच वाचकासाठी लिहिली आहे, पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी. या प्रकारात दुसराही असतो: दहाव्यांदा नवं कॅरेक्टर घेऊन येणारा. 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये दर काही महिन्यांनी नवी लीग येते, तिथे सगळे शून्यापासून सुरू करतात, आणि कथा पुन्हा पार करावीच लागते. 'डायब्लो ३'ने २०१४च्या विस्तारात कथेला बाजूला ठेवणारा ॲडव्हेंचर मोड दिला. २०२३च्या 'डायब्लो ४'मध्ये एकदा कथा संपवली की पुढच्या कॅरेक्टरना ती वगळता येते. दोन्ही मतांचे भांडखोर समर्थक आहेत. मी वगळू देण्याच्या बाजूचा आहे, पण वगळण्याने मला काही गमावल्यासारखं वाटलं पाहिजे. नाहीतर कथा बनवलीच कशाला?

त्या दहाव्या वेळच्या माणसासाठी एक गोष्ट आजच दुरुस्त करा. तुमच्या व्हिडिओत एक सोबती हळूहळू चालत बोलतो आणि त्याच्या मागे चालल्याशिवाय दार उघडत नाही. ते काढा. बोलणं आणि दार यांची गाठ कधीही मारू नका. तो बोलत असू दे, ज्याला ऐकायचंय तो थांबेल, बाकीच्यांना जाऊ द्या. गंमत म्हणजे जाऊ दिलं की थांबणारे वाढतात.

निवडीच्या प्रसंगांबद्दल माझं मत बहुतेकांना आवडत नाही. झुंडी कापण्याच्या खेळात कथेची निवड आणि बक्षीस एकत्र बांधलं की निवड मरते. 'पाथ ऑफ एक्झाइल'च्या दुसऱ्या अंकात तीन दरोडेखोर आहेत: कोणा एकाला साथ द्या किंवा तिघांना संपवा. कथेत हा मोठा पेच आहे. पण प्रत्येक पर्यायाला वेगळं कायमचं बक्षीस असल्यामुळे लोक आपल्या बिल्डला, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या आखणीला, काय लागतं तेवढंच बघतात आणि त्याप्रमाणे माणसं मारतात. आता 'द विचर ३'मधला ब्लडी बॅरनचा भाग घ्या. टेकडीतल्या झाडात अडकलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं, यावर अनाथ मुलं, बॅरनची बायको आणि बॅरन या सगळ्यांचं काय होतं ते ठरतं, आणि कोणताच पर्याय स्वच्छ नाही. तिथे माणूस पॅड खाली ठेवून विचार करतो, कारण तराजूत तलवार टाकलेली नाही. तुमच्या कथेत निवडी सात आहेत. एक ठेवा, तिच्यावरचं बक्षीस काढा.

'द विचर ३'चंच नाव निघालंय तर खुल्या जगाचा मुद्दा उरकून टाकतो. तिथे सिरी या हरवलेल्या मुलीच्या शोधाचे तीन धागे आहेत, वेलेन, नोव्हिग्राड आणि स्केलिगे या तीन मुलुखांतले, ते बऱ्याच अंशी आपल्या मर्जीने सोडवता येतात आणि मग एकाच गाठीत येतात. 'एल्डन रिंग' याहून सैल: राजधानीत शिरायला दोन ग्रेट रून (मोठ्या बॉसना मारून मिळणारी चिन्हं) हवेत, ते कुठून आणायचे ते तुमचं तुम्ही बघा. दोन्ही सुंदर आहेत, दोन्हींच्या मागे राबणारी माणसं शेकड्यांनी होती. तिघांनी हा नाद करू नये.

साइड क्वेस्टचं उत्तर मात्र नेमकं देता येतं. अंकाला दोन, फार तर तीन, आणि प्रत्येकीला कायमचं फळ. 'डायब्लो २'त पहिलीच क्वेस्ट एक भुयार साफ करण्याची आहे, बक्षीस एक स्किल पॉइंट. तिसऱ्या अंकात एक सोन्याचा पक्षी आहे, त्याने कायमची २० लाइफ वाढते. म्हणूनच आजही लोक त्या वाटेने वळतात. सोनं दिलंत तर फक्त पहिल्या खेपेला वळतील. शिवाय मुख्य कथेत "आत्ता नाही गेलात तर सगळं संपेल" असं कोणी ओरडत असताना साइड क्वेस्ट समोर टाकू नका, खेळाडूला तुमच्या ओरडण्याची खोट लगेच कळते. घाई खरी असेल तर 'मास इफेक्ट २'सारखी खरी करा: तिथे तुमच्या यानाच्या चालक दलाला पळवून नेल्यावर तुम्ही इतर कामांत रेंगाळलात तर त्यातली माणसं खरोखर मरतात. नसेल जमत तर कोणाला ओरडायलाच लावू नका.

तर तुमच्यासाठी: तीन अंक, मुलूख दोनच, तिसरा अंक पहिल्या मुलुखाचं बदललेलं रूप. आधी तक्ता भरा, मग कथा त्यात ओता. शेवटचा बॉस मेला की श्रेयनामावली दाखवा आणि खेळाडूला तळावरच परत सोडा, गायब करू नका. तिथल्या प्रत्येकाकडे त्या विजयाबद्दल एक नवं वाक्य असू द्या आणि एकाकडे एंडगेमची, म्हणजे कथा संपल्यावरच्या खेळाची, किल्ली.

राहता राहिली ती पहिली अकरा पानं, राज्याच्या इतिहासाची. ती टाकून देऊ नका, वस्तूंच्या वर्णनांत पेरा. २०११च्या 'डार्क सोल्स'चा बराच इतिहास असाच अंगठ्या आणि चिलखतांच्या वर्णनांत सापडतो, आणि ज्याला हवा तो खोदून काढतो. त्या अकरा पानांमुळे खेळाडूची राक्षसाशी पहिली गाठ पंधराव्या मिनिटाला पडते, असं तुमच्याच नोंदींत आहे. 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये गावाचं दार उघडण्याआधीच हिलॉक नावाचा छोटा बॉस आडवा येतो. किनाऱ्यावर पडलेला आपला माणूस मिळेल ते हत्यार उचलून त्याला मारतो आणि मगच गावातलं कोणी त्याच्याशी बोलतं. तुमच्या गेमलाही तसा एक हिलॉक दाराबाहेर उभा करा आणि पुढच्या आठवड्यात त्याच टेस्टर मंडळींना पुन्हा बसवा.